शिक्षकांसोबत पहिलं संशोधन आणि त्याचा खर्च : कोल्हापुरातल्या पदवी विद्यार्थ्यांसाठी

दर पावसाळ्यात स्टाफरूमच्या दारात दोन-तीन मुलं उभी राहतात. "सर, आविष्कारला भाग घ्यायचाय. विषय सांगा की." (आविष्कार म्हणजे विद्यापीठांचा संशोधन महोत्सव.) बोलणं होतं, मुलं जातात. मग त्यातला एखादा पाच मिनिटांनी एकटाच परत येतो आणि हळू आवाजात विचारतो, "सर, पैसं किती लागतील ह्येला?"

हा लेख त्या परत येणाऱ्या मुलासाठी आणि मुलीसाठी आहे. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि काही वर्षं संशोधन समितीचं काम पाहतो. पदवीच्या संशोधनाला लागणारी रक्कम बहुतेक वेळा पाच-दहा हजारांच्या घरातली असते. गगनबावड्याहून किंवा चंदगडहून येऊन इथं खोली घेऊन राहणाऱ्या पोराला ती खिशातून घालता येत नाही आणि घालायची गरजही नसते. ती मिळवायची वाट आहे. फक्त ती वाट आधी शिक्षकांकडून जाते आणि अर्जाचा फॉर्म बराच नंतर येतो. बहुतेक मुलं उलट्या क्रमानं जातात, म्हणून अडतात.

पैसे येतात कुठून

सगळ्यात जवळचा स्रोत तुमचं स्वतःचं महाविद्यालय. बऱ्याच महाविद्यालयांत संशोधनासाठी थोडी रक्कम बाजूला काढलेली असते, तिला 'सीड मनी' म्हणतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत संशोधनही येतं, त्यामुळे विद्यार्थ्यांचे प्रकल्प महाविद्यालयालाही हवेच असतात. तुम्ही मागायला जाता तेव्हा उपकार मागत नसता, हे मनात पक्कं ठेवा. स्वायत्त महाविद्यालयांत हे निर्णय तिथल्या तिथं होतात, म्हणून लवकर होतात.

दुसरा स्रोत विद्यापीठ. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची, आणि आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात संशोधनासाठी, विद्यार्थी विकासासाठी आणि नवोपक्रमासाठी वेगवेगळी मंडळं सांगितलेली आहेत. विद्यार्थ्यांसाठी जे काही निघतं ते परिपत्रकाच्या रूपात निघतं. परिपत्रक संकेतस्थळावर येतं, प्राचार्यांच्या कार्यालयात येतं, तिथून विभागप्रमुखांकडे जातं आणि नोटीस बोर्डावर लागेपर्यंत कधी कधी मुदतीचे चारच दिवस उरलेले असतात. म्हणून जून ते डिसेंबर दर सोमवारी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा परिपत्रकांचा भाग स्वतः उघडून पाहायची सवय लावा. रक्कम, पात्रता आणि तारीख त्या वर्षीच्या कागदावर असते तीच धरायची, मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जायचं नाही.

आविष्कार हा राज्यातल्या विद्यापीठांचा संशोधन महोत्सव २००६ पासून चालतो. जिल्हा, विद्यापीठ, मग राज्य अशी त्याची चढण आहे. मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान आणि वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट असतात. पदवीच्या मुलांची स्पर्धा वेगळी असते, पदव्युत्तरवाल्यांशी झुंजावं लागत नाही. पण आविष्कार हे मांडणीचं व्यासपीठ आहे. प्रयोगाचा खर्च त्याआधी झालेला असतो, तो वरच्या दोन ठिकाणांहून मिळवायचा.

तिसरा स्रोत राष्ट्रीय पातळीवरचा. विज्ञानाच्या मुलांपैकी ज्यांना केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, त्यांनी नीट वाचा. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी ६०,००० शिष्यवृत्तीचे आणि २०,००० रुपये उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन प्रकल्प करण्यासाठीचे आहेत. साठ हजारांचा हिशेब मुलांना तोंडपाठ असतो, या वीस हजारांकडे लक्ष जात नाही. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी आणि तिच्या जोडीच्या दोन अकादम्या उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा 'नियस' हा कार्यक्रम २००४ पासून सुरू आहे. या सगळ्यांचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच महिने आधी भरायचे असतात. एप्रिलमध्ये जाग आली तर ते वर्ष गेलं.

चौथा स्रोत कुणी सांगत नाही. तुमच्या शिक्षकांना किंवा विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकांना आधीच मंजूर झालेला प्रकल्प असतो. त्यातल्या छोट्या तुकड्यावर तुम्ही काम केलंत, तर रसायनं, काचसामान, प्रवास हे सगळं त्यातूनच भागू शकतं. पहिल्यांदा संशोधन करणाऱ्याला मी हाच मार्ग आधी सुचवतो.

चार वर्षांच्या पदवीबद्दलही थोडं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घेता येतं, आणि त्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला ३० तास धरले तर ३६० तासांचं काम झालं. ज्याला तिथं जायचंय त्यानं दुसऱ्या वर्षीच एखादा छोटा प्रकल्प करून पाहावा.

शिक्षकांना कसं गाठायचं

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असतं. त्यावर पेपर तपासणी, समित्या. त्यामुळे "सर, विषय द्या" म्हणून आलेल्या मुलाला विषय मिळतो, वेळ मिळत नाही. त्याऐवजी असं करा. तुमच्या विभागातल्या किंवा विद्यापीठाच्या विभागातल्या तीन शिक्षकांची नावं काढा. त्यांचा पीएचडीचा प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर मिळतो का पहा, एखादा शोधनिबंध शोधा. सगळा कळणार नाही. प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचा, आणि न कळलेली एक गोष्ट कागदावर लिहून घ्या. ती घेऊन भेटायला जा.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, तुमच्या लेखात विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतरच का घेतलंय? आमच्या विहिरीला मार्चमध्ये वास येतो." त्या एका वाक्यावर मी तिला वर्षभर वेळ दिला, कारण तो प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

परीक्षेच्या आणि पेपर तपासणीच्या आठवड्यांत जाऊ नका. पहिली भेट प्रत्यक्षच घ्या, व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकू नका. स्पष्ट सांगा: आठवड्यातले किती तास देऊ शकतो, कुठल्या दिवशी, सुट्टीत गावाकडे जावं लागतं का. संध्याकाळी दुकानात किंवा 'कमवा व शिका'मध्ये काम करत असाल तर तेही सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वसतिगृहात राहून, काम करून शिकणं ही शाहू महाराजांच्या या शहराची जुनी रीत आहे. शिक्षकांना आधी माहीत असेल तर ते प्रयोगाची वेळ तशी लावून देतात.

एक नाजूक गोष्ट. तुमचे आवडते सर किंवा मॅडम तासिका तत्त्वावर असतील, तर निधीच्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव चालतं का ते परिपत्रकात आधी पाहा. कित्येक योजनांना पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक लागतात. तसं असेल तर पूर्णवेळ शिक्षकांना मार्गदर्शक आणि तुमच्या या सरांना किंवा मॅडमना सहमार्गदर्शक करता येईल का, हे मोकळेपणानं विचारा. काम त्यांनी शिकवायचं आणि कागदावर त्यांचं नावच नाही, असं होऊ देऊ नका.

विषयाचा प्रश्न करा

'पंचगंगेचं प्रदूषण' हा विषय आहे. त्यावर कुणी पैसे देत नाही, कारण त्यात काय मोजणार ते कळत नाही. 'प्रयाग चिखली परिसरातल्या ऊसपट्ट्यातल्या १२ विहिरींमध्ये नायट्रेट पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात किती बदलतं?' हा प्रश्न झाला. त्यात जागा आहे, आकडा आहे, काळ आहे. उसाला घातलेल्या युरियाचं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं, हे कारण मांडता येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुलनेला पक्का आधारही आहे. शिवाय ही मोजणी महाविद्यालयातल्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटरला होते, मोठं यंत्र लागत नाही.

हीच रीत कुठल्याही शाखेला लावा. वाणिज्यच्या मुलांना गुऱ्हाळं जवळ आहेत. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानंतर एका गावातल्या चपला बनवणाऱ्या २० घरांच्या विक्रीत नेमकं काय बदललं, हे कुणीतरी घरोघर जाऊन विचारायला हवं. इतिहासाच्या मुलांना १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, कोल्हापूर पुराभिलेखागारातली संस्थानी कागदपत्रं आहेत. मात्र त्यातली बरीचशी मोडीत आहेत, तेव्हा मोडी शिकण्याचे दोन-तीन महिने वेळापत्रकात धरा. अभियांत्रिकीच्या मुलांनी एखादा जिग किंवा साचा बाहेरून मागवण्याआधी उद्यमनगरात एक चक्कर मारावी. तिथले कारागीर चित्र पाहून सुटा भाग करून देतात आणि तो का टिकणार नाही हेही सांगतात.

अंदाजपत्रक

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण चांगले अर्ज इथंच परत येतात.

वरच्या विहिरींच्या उदाहरणात १२ विहिरी आणि तीन वेळा, म्हणजे ३६ नमुने. आता याच आकड्यावरून खर्च काढायचा. नमुन्यादाखल असं: रसायनं २,४०० रुपये, बाटल्या-फिल्टर पेपर-लेबलं १,३००, प्रवास १,८००, छपाई आणि बाइंडिंग ९००, आकस्मिक ६००. एकूण ७,०००. दर बाजारात बदलतात, पण प्रत्येक आकड्यापुढे तो कसा आला हे एका ओळीत लिहिलेलं असायला हवं. 'प्रवास : दोन विद्यार्थी, तीन हंगाम, प्रत्येकी दोन फेऱ्या' असं. नुसतं 'प्रवास १,८००' लिहिलं की समितीतला माणूस पेन्सिलीनं त्याचे १,००० करतो, आणि त्याची चूकही नसते.

यंत्र, लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर असल्या वस्तू मागू नका. त्या डेडस्टॉकला (कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत) लागतात, त्यांची नोंद, त्यांची कोटेशनं वेगळी असतात, आणि पदवीच्या छोट्या निधीत त्या सहसा बसतच नाहीत. स्वतःचा जेवणखर्च आणि मानधन योजनेत लिहिलेलं असेल तरच धरा. मोठ्या यंत्रावर नमुना तपासायचा असेल, तर विद्यापीठाच्या कॉमन फॅसिलिटी सेंटरमध्ये दर नमुन्यामागे शुल्क असतं. विद्यार्थ्यांचा दर विचारून घ्या, तो दर लेखी घ्या आणि अर्जाला जोडा. आणि तिथं ३६ च्या ३६ नमुने पाठवू नका. आधी आपल्या प्रयोगशाळेत सगळे तपासून, शंका असलेले चार-पाचच पाठवा.

अर्ज स्वतः दोन-तीन पानांपेक्षा मोठा नसावा. प्रश्न, आधी काय झालंय, तुम्ही काय करणार, महिनावार वेळापत्रक, अंदाजपत्रक. आधीच्या कामाबद्दल लिहिताना इंटरनेटवरून उचललेले परिच्छेद चालत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचंच साम्य दंडाशिवाय सोडलं जातं. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात एक दिवस बसून पाच लेख स्वतः वाचा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

वेळापत्रकात पाऊस धरा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चिखली, आंबेवाडीकडे नमुने घ्यायला जायचं ठरवलं असेल तर तो महिना हातातून जाऊ शकतो. त्या दिवसांत वाचन ठेवा, रस्त्यावर पाणी असताना कुणीही नमुन्यासाठी जायचं नाही.

अर्ज दिल्यावर आवक विभागाची पोहोच घ्या. शिक्का, तारीख, क्रमांक. तिचा फोटो काढून ठेवा. 'टेबलावर ठेवून आलो' याला कार्यालयात काही अर्थ नसतो.

परवानग्या

मंजुरीची वाट पाहताना हे काम उरकता येतं. माणसांना प्रश्न विचारणार असाल तर संमतीपत्र मराठीत लिहा, आणि महाविद्यालयात नैतिकता समिती असेल तर तिच्याकडून मान्यता घ्या. राधानगरी अभयारण्यात पाय ठेवायचा असेल, पान तोडायचं असेल, तर वनविभागाची लेखी परवानगी लागतेच. तिला महिने लागू शकतात, म्हणून पहिल्या प्रकल्पाला अभयारण्याबाहेरची जागा निवडलेली बरी. विहिरीच्या मालकांना तोंडी विचारलं तरी चालतं, पण एका वहीत त्यांचं नाव आणि सही घ्या.

मंजुरीपत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका

मी स्वतः पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना हे चुकलो. सरांनी "होईल मंजूर" म्हटल्यावर मी उत्साहात काचसामान आणि रसायनं आणली, २,३०० रुपयांची. पैसे चुलत्यांकडून घेतले होते. मंजुरी आली, पण बिलावरची तारीख मंजुरीपत्राच्या अकरा दिवस आधीची होती आणि बिल माझ्या नावावर होतं. अकाउंट विभागातल्या काकांनी ते परत केलं. नियमानं त्यांचं बरोबरच होतं, पण हे नियम त्या महाविद्यालयात आम्हाला कुणीही आधी सांगितलेले नव्हते. चुलत्यांचे पैसे मी सहा महिन्यांनी फेडले. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

बिल महाविद्यालयाच्या नावावर हवं, त्यावर बिल क्रमांक, तारीख आणि दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. साध्या चिठ्ठीवर लिहिलेलं 'रोख मिळाले' चालत नाही. ठरावीक रकमेपुढे तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता लागतो. ती मर्यादा तुमच्या कार्यालयात विचारून घ्या. पैसे शीर्षानुसार खर्चायचे. रसायनांचे उरले म्हणून प्रवासाला वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी.

एसटीची तिकिटं हेच प्रवासाचं बिल, ती फेकू नका. यंत्रातून निघालेल्या तिकिटाची शाई दोन-तीन महिन्यांत उडते आणि हिशेबाच्या वेळी हातात कोरा कागद राहतो. घरी आल्याआल्या झेरॉक्स काढा आणि तिकीट तिलाच टाचून ठेवा. मुलींना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा अंदाजपत्रकातही तसंच धरा, नाहीतर शेवटी आकडा जुळत नाही.

आता तसलमातीबद्दल, कारण याचा त्रास तुम्हाला होत नाही, शिक्षकांना होतो. काही ठिकाणी पैसे आधी उचल म्हणून मिळतात. ती तसलमात शिक्षकांच्या नावावर निघते. तुम्ही बिलं वेळेत दिली नाहीत तर तिचं समायोजन होत नाही, ती रक्कम त्यांच्या नावावर थकीत दिसते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी त्यांना उचल मिळत नाही. एखाद्या शिक्षकांनी प्रकल्प घेणंच सोडून दिलंय असं दिसलं, तर कित्येकदा कारण हेच असतं. म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मार्गदर्शकांसमोर बसून खर्चाची वही आणि बिलं जुळवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

काम चालू असताना

एक बांधीव वही ठेवा, सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, विहिरीचा क्रमांक, हवामान, कुणी नमुना घेतला. नायट्रेटचे नमुने थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवून आणा आणि दोन दिवसांत तपासा. चुकलेलं वाचन खोडायचं नाही. त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचं. आणि प्रयोगशाळेतल्या मामांशी सुरुवातीपासून नीट वागा. कुठली बाटली जुनी आहे, कुठला दिवा सुरू होऊन स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, हे त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं मलाही नसतं. अहवालाच्या आभारात त्यांचं नाव घाला.

पैसे घेऊन महिन्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेसेज तुम्हाला येतील. पदवीच्या पातळीवर छापून येण्याची घाई करू नका आणि निधीतले पैसे तर त्यावर मुळीच घालू नका. मार्गदर्शकांना विचारल्याशिवाय कुठंही काही पाठवायचं नाही.

शेवटचे कागद

अहवाल, खर्चाचं विवरणपत्र, मूळ बिलं आणि उपयोगिता प्रमाणपत्र. उपयोगिता प्रमाणपत्रावर प्राचार्यांची आणि योजनेत असेल तर सनदी लेखापालांची सही लागते, आणि मार्च महिन्यात ते मिळणं अवघड होतं. फेब्रुवारीच्या मध्याला कागद तयार ठेवा. निधी दोन हप्त्यांत असेल तर दुसरा हप्ता या कागदांशिवाय सुटत नाही. पैसे उरले तर ते परत करायचे. उरलेले परत केलेत म्हणून पुढच्या वेळी कमी मिळत नाहीत.

अहवालाच्या चार प्रती काढा: विद्यापीठ किंवा महाविद्यालय, मार्गदर्शक, विभागाचं ग्रंथालय आणि तुमची स्वतःची. त्याशिवाय प्रत्येक विहिरीच्या मालकासाठी एक पान मराठीत तयार करा. विहिरीचा क्रमांक, तीन तारखा, तीन आकडे, आणि ४५ ची मर्यादा. ते पान पोस्टानं पाठवू नका. एसटीनं चिखलीला जा, विहिरीवर उभं राहून त्यांना वाचून दाखवा. आकडा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तान्ह्या बाळाला ते पाणी देऊ नका असं स्पष्ट सांगा, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही हेही सांगा. या फेरीचं भाडं अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरून ठेवा.